वास्तूला मानवेल असा सूर

लग्नसराई जवळ आली की शहरांतील मंगल कार्यालयांच्या तारखा भराभर संपतात. मात्र गेल्या काही वर्षांत कार्यालयाचा तोच तो हॉल टाळून लग्नासाठी वेगळी जागा शोधणाऱ्या कुटुंबांची संख्या नजरेत भरू लागली आहे. डागडुजी करून पुन्हा उभा केलेला जुना वाडा, चित्रांनी सजलेले कलादालन, शिल्पांची बाग, एखाद्या संस्थानिकाचा राजवाडा, गोव्यातील पोर्तुगीज काळातले ऐसपैस घर अशा जागांना पसंती मिळते. सावंतवाडीच्या राजवाड्यासारख्या ठिकाणी तर गंजिफांच्या रंगकामाची परंपरा जपली गेली आहे आणि पाहुण्यांच्या निवासाचीही सोय आहे. अशा वास्तूत पाऊल टाकताच डोळ्यांचे पारणे फिटते. प्रश्न उरतो तो कानांचा.

जागा ठरते, पंगतीतले पदार्थ ठरतात, फुलांचा रंग ठरतो, छायाचित्रकाराशी चार बैठका होतात. संगीताचा विषय मात्र सर्वांत शेवटी निघतो आणि बहुधा ‘साउंडवाला बघून घेईल’ या वाक्यावर संपतो. मग व्हायचे तेच होते. दगडी भिंतींच्या दालनात ध्वनिवर्धकाचा नुसता गलका माजतो. तिसऱ्या रांगेतील आजींना भटजींचा एक शब्द ऐकू येत नाही. भिंतीवरच्या चित्रांच्या काचा ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला थरथरतात. आणि रात्री दहा वाजता शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून पोलीस दारात उभे राहतात. खर्च झालेला असतो, हौसही असते, पण मुहूर्त काही दुसऱ्यांदा येत नाही.

अशा वेळी दोष अभिरुचीला दिला जातो. प्रत्यक्षात कलावास्तूतील लग्नाचे संगीत बिघडते ते क्वचितच चुकीच्या गाण्यामुळे. ते बिघडते आवाजाच्या पातळीमुळे, कलावंतांना बसवलेल्या जागेमुळे आणि चुकलेल्या वेळेमुळे. म्हणूनच संगीताची निवड घरी बसून गाण्यांची यादी करण्यापासून न करता त्या वास्तूत उभे राहून करायला हवी.

नगारखान्याचा धडा

जुन्या वास्तुकारांना हे पक्के ठाऊक होते. १७३२ साली बांधून झालेल्या पुण्याच्या शनिवारवाड्यातील आतले महाल १८२८ च्या आगीत नष्ट झाले. दिल्ली दरवाजावरचा नगारखाना मात्र आजही पाहता येतो. सनई आणि नगारा यांची जागा तेथे, प्रवेशद्वाराच्या डोक्यावर होती, दिवाणखान्यात नव्हती. महाराष्ट्रातील अनेक मोठ्या देवळांची रचनाही अशीच आहे. सनई हे मोकळ्या हवेतले वाद्य. तिचा सूर टोकदार असतो, गर्दीच्या कोलाहलावरून तो सहज पार जातो. त्याला वरून, दुरून आणि उघड्यावरून येऊ दिले तर तो गोड लागतो. हेच वाद्य दहा फुटांवर, बंद खोलीत, वर ध्वनिक्षेपक लावून वाजवले तर पाहुणे दुसऱ्या खोलीत जाऊन बसतात.

उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी सनईला मैफलीच्या व्यासपीठावर नेले, १५ ऑगस्ट १९४७ रोजी लाल किल्ल्यावर ती वाजवली आणि २००१ मध्ये भारतरत्न स्वीकारले. २००६ मध्ये ते गेले, तरी त्यांच्या ध्वनिमुद्रिकांवाचून आजही कित्येक लग्ने लागत नाहीत. परंतु मैफलीतली सनई आणि दारातली सनई यांत फरक आहे. मैफलीत श्रोता सुरासाठी आलेला असतो. लग्नात तो भेटीगाठींसाठी आलेला असतो आणि सूर त्याच्या बोलण्याच्या मागे हवा असतो. वाड्यात लग्न असेल तर सनई-चौघड्याची बैठक दिंडी दरवाजाजवळ, देवडीत किंवा वरच्या सज्जात असावी. ध्वनिवर्धकाची गरजच पडत नाही. येणाऱ्याचे स्वागत होते आणि आतल्या चौकात आवाज बेताने पोहोचतो. ज्यांना बंद दालनातच सुषिर वाद्य हवे आहे त्यांनी बासरीचा किंवा ‘सुंदरी’चा विचार करावा. सोलापूरच्या जाधव घराण्याने जपलेले हे वाद्य सनईच्याच कुळातले, पण आकाराने लहान. बोलावणे सोपे नाही, कारण वादक मोजकेच आहेत. तरी शोध घेण्यासारखा निश्चित आहे.

टाळी वाजवून पाहावी

वास्तूंच्या ध्वनिशास्त्राचा आधुनिक अभ्यास एका कलासंग्रहालयातच सुरू झाला, ही गोष्ट या विषयाला साजेशी आहे. १८९५ च्या सुमारास अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयातील व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणेच कळत नसे. उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद खोलीत घुमत राही. तोवर पुढचे वाक्य येऊन त्यात मिसळे. वॉलेस सबाईन या तरुण प्राध्यापकाने जवळच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, त्या खोलीत पसरल्या आणि आवाज विरायला किती वेळ लागतो हे मोजले. गाद्या वाढल्या की घुमणे कमी होई. यातून त्याने जे सूत्र बांधले ते आजही वापरले जाते. खोलीचे घनफळ जितके मोठे तितके घुमणे अधिक, आणि आवाज शोषणारे पृष्ठ जितके जास्त तितके ते कमी.

हे सूत्र एखाद्या कलादालनाला लावून पाहिले की चित्र स्पष्ट होते. समजा, दालन २० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि ५ मीटर उंच आहे. गुळगुळीत भिंती, फरशी, गिलाव्याचे छत. असे कठीण पृष्ठभाग त्यांवर पडलेल्या आवाजाचा जेमतेम चार टक्के भाग शोषतात असे धरले, तर रिकाम्या दालनात आवाज पूर्ण विरायला सुमारे पावणेसहा सेकंद लागतील. त्याच दालनात १५० पाहुणे येऊन बसले की हा काळ साधारण पावणेदोन सेकंदांवर येतो, कारण माणूस आणि त्याचे कपडे हेच उत्तम शोषक असतात. शालू, पैठण्या आणि लोकरी कोट या कामी गाद्यांहून कमी नाहीत. बोलणे स्वच्छ कळण्यासाठी हा काळ एक सेकंदाच्या आसपास असावा लागतो. संथ संगीताला दीड ते दोन सेकंद मानवतात.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की रिकाम्या दालनात सकाळी केलेली ध्वनिव्यवस्थेची चाचणी संध्याकाळी भरल्या दालनात उपयोगी पडत नाही. शिवाय अशा दालनात ‘आवाज कळत नाही, वाढवा’ ही सूचना नेहमीच उलटी पडते. आवाज वाढवला की घुमणेही तितकेच वाढते. उपाय आहे तो ध्वनिक्षेपक पाहुण्यांच्या जवळ आणण्याचा आणि पातळी खाली ठेवण्याचा. दोन मोठ्या पेट्यांऐवजी सहा लहान पेट्या, जमिनीवर सतरंज्या आणि गालिचे, मागच्या भिंतीवर जाड पडदा. एवढ्याने निम्मे काम होते. पडदा लावताना चित्रांच्या मालकाची परवानगी घ्यावी, हे सांगायला नको.

वास्तू पाहायला जाताना घरातील एकाने मध्यभागी उभे राहून जोरात एक टाळी वाजवावी. टाळी लगेच विरली तर जागा बोलण्याला आणि तालवाद्यांना चांगली. टाळीचा ‘ख्ख्ख्’ असा शेपटा ऐकू आला तर तबला, ढोलकी, द्रुत तराणा यांचा मोह आवरावा. बोल एकमेकांत मिसळून त्यांचा चिखल होतो. अशा जागी आलापी, बासरी, सारंगी, संतूर, कमी माणसांचे समूहगान खुलते. टाळी दोनदा ऐकू आली तर समोर दूरवर कठीण भिंत आहे असे समजावे. १७ मीटरवरच्या भिंतीवरून परतणारा आवाज दशांश सेकंदाने उशिरा येतो आणि वेगळा प्रतिध्वनी म्हणून कानाला जाणवतो. कलावंतांची बैठक त्या भिंतीकडे तोंड करून नसावी.

वाड्याच्या चौकाचे गणित निराळे. वर आकाश असल्याने आवाजाला सुटायला वाट मिळते, चारही बाजूंच्या लाकडी खांबांमुळे आणि ओसरीमुळे तो विखुरतो. मध्यम आकाराच्या चौकात गाणारा ध्वनिवर्धकाशिवायही शंभर माणसांपर्यंत पोहोचू शकतो. उलट शिल्पांच्या बागेत भिंतच नाही. तेथे अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सहा डेसिबलने घसरते. बागेत सतार किंवा गायन ठेवायचे तर पाठीमागे भिंत किंवा दाट झाडी असलेला कोपरा निवडावा आणि पाहुण्यांना अर्धवर्तुळात जवळ बसवावे. मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाउससारख्या, ध्वनिवर्धक येण्यापूर्वीच्या काळात बांधलेल्या नाट्यगृहांची तऱ्हा आणखी वेगळी आहे. १९९३ मध्ये बंद पडलेले हे नाट्यगृह जीर्णोद्धारानंतर २०१६ मध्ये पुन्हा उघडले. अशा ठिकाणी मंचावरून उच्चारलेला शब्द दूर जावा ही मूळचीच योजना असते. तिच्यावर विश्वास ठेवला तर अर्धी यंत्रणा न आणताच भागते.

मुहूर्त आणि राग

हिंदुस्थानी संगीतात रागांना प्रहर आहेत आणि लग्नाला मुहूर्त आहे. या दोहोंची सांगड पूर्वी सनईवादक न सांगता घालत असत. पहाटे देवक बसवताना भैरव किंवा अहिरभैरव, न्याहरीच्या सुमारास तोडी किंवा जौनपुरी, भर दुपारी पंगत बसली की वृंदावनी सारंग, उन्हे कलली की भीमपलासी किंवा पटदीप. पाहुण्यांपैकी फार थोड्यांना रागाचे नाव सांगता येई, पण दुपारची उन्हे आणि सारंग यांचे नाते सर्वांच्या अंगवळणी पडलेले होते. आज पेनड्राइव्हमधील ध्वनिमुद्रिका सकाळी नऊ वाजता मालकंस वाजवते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. लक्षात येत नाही म्हणून चालवून घ्यायचे की नाही, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग. पण कलावास्तूत लग्न करण्याची हौस आहे, तेथे एवढी दखल घ्यायला हरकत नसावी.

खरी कसोटी गोरज मुहूर्ताची. सूर्य मावळतानाचा हा संधिप्रकाशाचा काळ. मारवा, श्री, पूरिया धनाश्री हे त्या वेळचे राग. त्यांपैकी मारव्याची हुरहूर मैफलीत अप्रतिम वाटते, मात्र अंतरपाटापुढे उभ्या असलेल्या वधूवरांच्या कानी ती घालावी का, याबद्दल जाणकार वादक स्वतःच साशंक असतात. पूरिया धनाश्री त्या मानाने भारदस्त आणि आश्वासक. दिवे लागले की यमन घ्यावा. यमनाला मंगल प्रसंग मानवतो, पाहुण्यांना त्यातल्या शेकडो चाली ओळखीच्या वाटतात आणि शिकाऊ वादकाच्या हातूनही तो फारसा बिघडत नाही. त्यानंतर हमीर, भूप, दुर्गा. जेवणे लांबली तर बागेश्री.

गायन ठेवायचे तर शब्दांकडे लक्ष हवे. चाल गोड आहे एवढ्यावरून संसाराच्या असारतेवरचा अभंग बोहल्याशेजारी गायला जातो आणि ज्येष्ठ मंडळी एकमेकांकडे पाहू लागतात. नाट्यसंगीतातही हीच गत. रंगभूमीवर गाजलेल्या पदांपैकी पुष्कळशी विरहाची, उपहासाची किंवा शोकाची आहेत. नाटकातला प्रसंग विस्मरणात गेला आणि चाल तेवढी उरली. गायकाशी यादी ठरवताना प्रत्येक पद कोणत्या प्रसंगातले, हे त्यालाच विचारून घ्यावे. चांगला गायक या प्रश्नाने खूश होतो.

शब्द ऐकू यावेत

मराठी लग्नाचा गाभा मंगलाष्टकांत आहे. बहुतेक मंगलाष्टके शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात. प्रत्येक चरणात १९ अक्षरे आणि बाराव्या अक्षरावर यती. म्हणणाऱ्याला तेथेच श्वास घ्यायचा असतो आणि ऐकणाऱ्यालाही तेथेच अर्थ उमगतो. घुमणाऱ्या दालनात घाईने म्हटलेल्या मंगलाष्टकाचा हा विसावाच बुजून जातो. समर्थ रामदासांनी ‘सावधान’ शब्द ऐकून बोहल्यावरून काढता पाय घेतला अशी कथा आहे. आजच्या काही दालनांत तो शब्द त्यांना ऐकूच आला नसता.

म्हणून मंगलाष्टके म्हणणाऱ्यांना संथ लय सांगावी. म्हणणाऱ्यांची संख्या चारच्या पुढे नसावी. घरातील मावशी, काका, मैत्रिणी यांनी स्वतः रचलेली मंगलाष्टके हा अनेक घरांतला जिव्हाळ्याचा भाग असतो, तो जरूर ठेवावा. पण आदल्या दिवशी त्याच जागी एकदा म्हणून पाहावे. ध्वनिक्षेपक हातात धरण्याऐवजी उभ्या दांडीवर असला तर आवाज एकसारखा राहतो. सनई-चौघड्याच्या वादकांना ‘आता वाजवा’ ही खूण कोण करणार, हे आधी ठरलेले असावे. अक्षता पडल्यावर तीन सेकंदांची शांतता पसरली की सगळा उत्साह ओसरतो, आणि शेवटचे मंगलाष्टक संपण्याआधीच चौघडा सुरू झाला तर त्याहून वाईट.

पुढच्या विधींना पार्श्वसंगीताची गरज नाही. कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी चालू असताना मागे मंद वाद्यसंगीत लावून ठेवण्याची रीत आली आहे. ती चित्रफितीसाठी असते, लग्नासाठी नसते. सप्तपदीच्या वेळी होमातल्या समिधांचा आवाज ऐकू यावा, इतकी शांतता जुन्या वाड्याच्या चौकात सहज मिळते. ती मिळवण्यासाठीच तर तो वाडा निवडलेला असतो.

ओवी, गोंधळ आणि मांडो

लग्नाचे संगीत म्हणजे मुहूर्ताचे संगीत, असा समज शहरांत रुळला आहे. हळद दळताना, घाणा भरताना बायकांनी म्हणायची गाणी आणि ओव्या हे त्याहून जुने. जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे मोठे काम हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून केले. एक लाखाहून अधिक ओव्या त्यातून नोंदवल्या गेल्या. हळदीला ध्वनिमुद्रित चित्रपटगीतांऐवजी घरातल्याच दोन आज्यांना मध्ये बसवून त्यांना आठवतील तेवढ्या ओव्या म्हणायला सांगितल्या, तर जुन्या वाड्याच्या माजघराला त्याहून शोभणारे दुसरे काही नाही. माजघराचे छत बुटके, जमीन पूर्वी सारवलेली, वर लाकडी तुळया. जागाच अशी की हळू आवाज छान लागतो. ही गाणी कुणाला तरी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करायला सांगावीत. पुढच्या लग्नात म्हणणारे असतीलच असे नाही.

लग्नानंतरचा गोंधळ अनेक घराण्यांत कुलाचार म्हणून होतो. संबळ, तुणतुणे, झांज आणि हातात दिवटी. त्याला उघडे आकाश आणि उजळ अंधार लागतो, म्हणून चौक किंवा अंगण योग्य. कलादालनात गोंधळ ‘सादर’ करण्याचा मोह टाळावा. संबळाचा ठोका तेथे मावत नाही, दिवटीच्या धुराला चित्रांजवळ मज्जाव असतो, आणि मुख्य म्हणजे गोंधळ हा देवीपुढचा विधी आहे, व्यासपीठावरचा कार्यक्रम नव्हे.

गोव्यातील जुन्या घरांत लग्न करणाऱ्यांना तेथील संगीताचा वारसा आयताच मिळतो. ख्रिस्ती गोमंतकीय समाजातला मांडो मुळात घरच्या मोठ्या दालनात, म्हणजे ‘साला’त, गायला आणि नाचला जाणारा. लाकडी फळ्यांची जमीन, उंच छत, रस्त्याकडे उघडणाऱ्या मोठ्या खिडक्या. व्हायोलिन आणि घुमट एवढ्यांवर तो रंगतो. संथ मांडोनंतर चपळ दुलपोद येते. मातीच्या घुमटाला पूर्वी घोरपडीचे कातडे लावत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण दिल्यानंतर आता बकऱ्याचे कातडे वापरले जाते. गोवा सरकारने २०१९ मध्ये घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. मात्र पुण्या-मुंबईचे वऱ्हाड गोव्यात उतरते तेव्हा बरोबर आपला डीजे घेऊन उतरते, आणि दारातल्या गावात कोण वाजवते याची चौकशी सहसा होत नाही.

दहाचा ठोका आणि कायदा

या जागांपैकी बहुतेक वस्तीत असतात, काही तर अगदी गल्लीत. त्यामुळे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांची ओळख यजमानांना हवीच. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धकाला बंदी आहे. अपवाद सभागृह, मेजवानीचा हॉल अशा बंदिस्त जागांतील आतल्या आत वापराचा. येथे एक मेख आहे. वाड्याचा चौक चारही बाजूंनी भिंतींनी वेढलेला असला तरी वरून उघडा असतो, तो बंदिस्त जागेत गणला जाईल या भरवशावर राहू नये. निवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरचा शांतता विभाग असतो, तेथे ५० आणि ४०. खासगी जागेच्या हद्दीवर यापेक्षा पाच डेसिबलहून जास्त आवाज जाता कामा नये. मोबाइलमधील डेसिबल मोजणारे ॲप न्यायालयात पुरावा ठरणार नाही, पण अंदाजाला पुरते.

जागा केंद्रीय पुरातत्त्व विभागाच्या संरक्षित यादीतली असेल तर १९५९ च्या नियमांनुसार स्वागत समारंभ, मेजवानी वा करमणुकीचा कार्यक्रम लेखी परवानगीवाचून करता येत नाही. २०१९ मध्ये राज्यातील काही किल्ले पर्यटनासाठी भाडेपट्ट्याने देण्याच्या धोरणावरून जो वाद उसळला, त्यातही ‘किल्ल्यावर लग्ने लागणार का’ हाच प्रश्न सर्वांच्या तोंडी होता. खासगी वाड्यांना हा नियम लागू नसला तरी मालकाशी होणाऱ्या करारात संगीताची वेळ, पातळी आणि जागा यांचा उल्लेख असणे दोघांच्याही हिताचे.

तिसरा विषय परवान्याचा. लग्नात चित्रपटगीते वाजवली म्हणून स्वामित्वधन मागितले गेल्याच्या तक्रारी अनेक वर्षे होत्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ (१) (झेडए) मध्ये धार्मिक समारंभात वाजवल्या जाणाऱ्या संगीताला सूट आहे आणि त्याच्या स्पष्टीकरणात लग्नाची वरात व लग्नाशी निगडित इतर सामाजिक उत्सव यांचा समावेश केलेला आहे. केंद्र सरकारने २४ जुलै २०२३ रोजी जाहीर सूचना काढून याचा पुनरुच्चार केला. त्यानंतर गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये काढलेले याच आशयाचे परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केले. त्यामुळे कायद्यातली सूट पुसली गेली नाही, पण ‘लग्नाशी निगडित’ काय आणि काय नाही हा वाद परिपत्रकाने मिटत नाही, एवढे स्पष्ट झाले. हॉटेलवाले किंवा जागेचे मालक परवान्याचा आग्रह धरत असतील तर तो प्रश्न आगाऊ रक्कम भरण्यापूर्वीच लेखी स्वरूपात निकालात काढावा. आणि लग्नाची चित्रफीत मागे लोकप्रिय गाणे जोडून इंटरनेटवर टाकणे, ही या सुटीच्या बाहेरची गोष्ट आहे. ती चित्रफीत काही दिवसांनी मुकी झाली तर आश्चर्य वाटू देऊ नये.

कलावंतांची बैठक

सनई-चौघडा, बँड, गोंधळी यांच्या व्यवहारात ‘सुपारी’ घेतली-दिली जाते आणि इसार दिला की तारीख पक्की होते. या भाषेत कमीपणा काही नाही. कमीपणा असतो तो वागणुकीत. कलावंतांना मागच्या जिन्याने आणायचे, चपलांच्या ढिगाशेजारी बसवायचे, पंगती उठल्यावर उरलेले वाढायचे आणि त्यांच्याकडून बैठकीच्या गाण्याची अपेक्षा करायची, हे चित्र मोठ्या घरच्या लग्नांतही दिसते. सनई म्हणजे एकटा वादक नव्हे. एक जण सूर वाजवतो, दुसरा सूर धरून ठेवतो, तिसरा-चौथा चौघड्यावर. चौघांना पुरेल असा गालिचा, पाणी, पंखा आणि पहिल्या पंगतीत ताट, एवढे केले तर वादनात फरक ऐकू येतो. सनईची जिभाळी कोरड्या हवेत रुसते. वातानुकूलित दालनात थेट झोताखाली बसवलेला वादक सूर लावू शकत नाही, मग तो कितीही नामांकित असो. तंतुवाद्यांनाही नव्या जागी जुळायला वेळ लागतो. सतार किंवा संतूर असेल तर कार्यक्रमाआधी तासभर मोकळी, शांत खोली द्यावी. संतुराला शंभराच्या आसपास तारा असतात आणि त्या जुळवत असताना वरपक्षाची मुले भोवती खेळत असली की वादकाची अवस्था पाहवत नाही.

अंदाजपत्रकात संगीताचा आकडा वेगळा लिहावा, सजावटीत घालू नये. सजावटीत घातला की फुले महागली म्हणून पहिली कात्री सनईलाच लागते. पैसे कमी असतील तर दिवसभर ध्वनिमुद्रित संगीत लावण्यापेक्षा मुहूर्ताच्या आधीचा एक तास आणि नंतरचा एक तास जिवंत सनई ठेवावी आणि बाकीचा वेळ वास्तूला तिच्या शांततेत राहू द्यावे. वरातीसाठी बँड हवाच असेल तर पुण्याच्या प्रभातसारख्या जुन्या ब्रास बँडची परंपरा आहे. पितळी वाद्यांची जागा रस्ता, दरवाजाच्या आत नव्हे. दरवाजापाशी बँड थांबावा आणि आतून सनई सुरू व्हावी. या बदलाची वेळ दोन्ही पथकप्रमुखांना एकत्र उभे करून ठरवावी लागते, नाहीतर दोन्ही एकदम वाजतात.

राहता राहिली पाठवणी. मैफल भैरवीने संपते आणि भैरवीला वेळेचे बंधन नाही, त्यामुळे पाठवणी दुपारी चारला असो की रात्री नऊला, सनईवर भैरवी चालते. अडचण इतकीच, की जेवणे आटोपली की वादकांचा हिशेब पुरा करून त्यांना मोकळे केले जाते आणि दोन तासांनी मुलगी उंबऱ्याशी येते तेव्हा साउंडवाला तारा गुंडाळत असतो. पाठवणीपर्यंत थांबायचे असल्यास ते सुपारी देतानाच बोलून घ्यावे आणि त्या दोन तासांचे मानधन वेगळे धरावे.